'दिवठणी'वरची पहिली नोंद

पाळकसाहेबांनी पेटी उलटी धरून दोनदा आपटली आणि आतल्या चिठ्ठ्या टेबलावर सांडल्या. वीस-बावीस असतील. वहीचे फाडलेले कोपरे, औषधाच्या दुकानाची पावती, एका लग्नपत्रिकेची पाठ. एक तर चक्क बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता.

"हा बघ आपला खजिना," ते म्हणाले. "शोशन्ना, ब्लॉगला काय लागतं? जिवंत माणसं लागतात. नुसतं प्रवचन कोण वाचतंय?"

"पण साहेब, पेटीची चावी मास्तरांकडे असते ना?"

"कुलूप गंजलं होतं. नवीन आणलं."

त्यांनी नवी चावी बोटावर गर्रकन फिरवून दाखवली. जुनं कुलूप खिडकीत पडलं होतं, करवतीनं कापलेलं. गंज मला तरी कुठे दिसला नाही. तेव्हाच खुर्ची मागे सारून उठायला हवं होतं. मी उठले नाही. उलट खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली.

सोळा वर्षं झाली याला. मी चोवीसची होते, गावातल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते आणि चर्चच्या तरुण संघाची सेक्रेटरी होते. आमचं गाव म्हणजे तालुक्याचं ठिकाण, आणि ख्रिस्ती घरं सारी मिळून साठ-सत्तर. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, मूळची अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चची. सत्तर साली पाटीवरचं नाव बदललं, पण रीत तीच राहिली. पाळकाचे पांढरे झगे, घंटा, उभे राहा, बसा, गुडघे टेका. रेव्हरंड ऑगस्टीन शिणगारे आमच्याकडे पाळक म्हणून येऊन वर्ष झालं होतं. मध्ये तीन महिने ते कुठल्याशा कोर्सला इंग्लंडला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच. "आपण नुसते अँग्लिकन नाही, आपण इव्हॅन्जेलिकल अँग्लिकन, सुवार्ता गाजवणारे. आपल्यात आग पाहिजे, आग!"

ती आग इंटरनेटवर लागणार होती. चर्चच्या वाढदिवसाला बिशपसाहेब येणार होते, त्यांच्या हस्ते ब्लॉग सुरू व्हायचा होता. नाव ठरलं 'दिवठणी'. दिवा ठेवायची जागा. त्याखाली मी स्वतः टाइप केलेली ओळ होती, 'इव्हॅन्जेलिकल अँग्लिकन विश्वास आणि सेवाकार्य'. आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरात, 'संपादिका: कु. शोशन्ना रणपिसे'. आता हसू येतं. तेव्हा मी ती ओळ दिवसातून दहादा उघडून बघायचे.

या पेटीचं सांगायला हवं. बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी एका तिपाईवर ती असायची, सागवानी, वर फट. ज्याला तोंडाने सांगवत नाही त्याने लिहून टाकायचं, नाव घालायचं नाही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी हनोख मास्तर कुलूप काढायचे, वेदीपुढे गुडघे टेकून एकेक चिठ्ठी मनात वाचायचे, प्रत्येकीसाठी प्रार्थना करायचे आणि मग मागच्या बदामाखाली घमेल्यात सगळ्या जाळून टाकायचे. एकतीस वर्षं. पाळक आले आणि गेले, चावी मास्तरांच्या करगोट्याला.

हनोख भांबळ मास्तर मिशनच्या प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले होते. माझे पण मास्तर तेच. शिवाय ते आमच्या मंडळीचे वाचक होते. म्हणजे पगार नाही, मान म्हणाल तर रविवारचा. पाळकाच्या प्रवचनाआधी उभं राहून शास्त्रातला धडा वाचायचा. सुरुवातीला म्हणायचं "ऐका", आणि शेवटी म्हणायचं "इथे धडा संपला". आवाज असा, की पाळण्यातलं पोरसुद्धा रडायचं थांबायचं. आमच्याकडे लोक प्रवचन विसरायचे आणि धडा घरी घेऊन जायचे.

त्या पेटीत एकदा माझीही चिठ्ठी होती. पंधरा वर्षांची होते. काय लिहिलं होतं ते आत्ता नाही सांगत. डाव्या हाताने लिहिली होती, कोणी ओळखू नये म्हणून. त्यानंतर दोन महिन्यांनी माझे पप्पा दारूने लिव्हर जाऊन वारले. कबरस्तानात सगळे "धीर धर, धीर धर" करत होते. मास्तरांनी एकट्यानेच डोक्यावर हात ठेवून भलतंच काहीतरी म्हटलं. "यात तुझा काही दोष नाही, पोरी." माझ्या आईनेसुद्धा त्यांच्याकडे वळून पाहिलं होतं.

तर टेबलावर चिठ्ठ्या. पाळकसाहेब एकेक उचलून मोठ्यांदा वाचत होते.

"'सुनेला मूल होऊ दे.' हे नको, सगळीकडे असतं. 'नवऱ्याचं त्या बाईकडे जाणं बंद कर.' हं, हे बघ! पण हे जरा… महिला मंडळात वाद होतील." ते हसले. "'दहावीत पास कर, मी बाहीत कॉपीच्या चिठ्ठ्या घालून आत जातो.' हा कोण गधडा?"

मीही हसले. खरं सांगते, फार हसले. बिननावाच्या असल्या तरी साठ घरांत कोण कोणाचं ते कळतंच. मजा वाटत होती. दुसऱ्याच्या घराची खिडकी उघडी दिसली की माणूस चालायचा थांबतो, तसं झालं होतं माझं.

मग त्यांच्या हातात एक चौकोनी, नीट घडी घातलेला कागद आला. तो त्यांनी आधी मनात वाचला आणि खुर्चीत सरळ बसले.

"शोशन्ना, हे ऐक."

त्यांनी वाचलं. "'प्रभू, ती गेली त्याला नऊ महिने झाले. तेव्हापासून तुझ्याशी बोलतो ते भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. रविवारी उभा राहतो, आवाज नीट लागतो, पण आत काही नाही. लोक दारात हात हातात घेतात आणि म्हणतात, छान झालं. मला लाज वाटते. तू असलास तर मला या खोटेपणातून सोडव. नसलास तर मी हे कोणाला लिहितोय?'"



"हे सोनं आहे," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "इंग्लंडमध्ये आम्हाला हेच शिकवलं. संशयाचा प्रवास! कोणाचं असेल? रविवारी उभा राहतो म्हणजे… गायनमंडळातला कोणी?"

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. निळी-काळी शाई, टाकाचं वळण, प्रत्येक अक्षराला नीट डोकं, ओळ पट्टीने आखल्यासारखी. या अक्षराने फळ्यावर लिहिलेलं मी चार वर्षं पाटीवर उतरवून घेतलं होतं. सगुणाबाई, मास्तरांची बायको, फेब्रुवारीत गेल्या होत्या. नोव्हेंबर चालू होता.

माझ्या लक्षात आलं. मास्तरांनी ती पेटीत टाकली, कारण पेटी ते स्वतःच उघडणार होते. शुक्रवारी इतरांच्या चिठ्ठ्यांत तीही वाचायची, आणि जाळून टाकायची. रीत सगळ्यांना, तशी आपल्यालाही. जगात दुसऱ्या कोणाच्या हाती ती पडणारच नव्हती.

"ओळखतेस तू," पाळकसाहेब म्हणाले. माणूस मूर्ख नव्हता. "तोंडावर दिसतंय."

"नाही साहेब."

"शोशन्ना, मी पाळक आहे. माझ्या कळपातलं एक मेंढरू अंधारात आहे आणि ते कुठलं हे मला कळू नये? मी भेटीन त्याला, प्रार्थना करीन. तू संपादिका आहेस, तुझ्यावर भरवसा टाकला मी. बिशपसाहेबांकडेसुद्धा बोललो आहे तुझ्याबद्दल, त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरची जागा निघतेय."

थू. काय एवढ्यासाठी विकलं! पण विकलं.

"मास्तरांचं आहे," मी म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी चर्चमध्ये वायर ओढत होते. पडदा म्हणून पांढरी चादर बांधायची होती, प्रोजेक्टर क्लासातून आणायचा होता. मास्तर आले. नेहमीसारखे धुतलेला सदरा, पायांत चपला नाहीत, दारातच काढलेल्या. "सलाम, शोशी," म्हणाले आणि पेटीपाशी गेले. करगोट्याची चावी काढली, कुलपात घातली. जाईना. चष्मा पुसून पाहिला, पुन्हा घातली. चावी कडेला घासत राहिल्याचा आवाज येत होता, आणि मी वायर गुंडाळत होते.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. "अहो मास्तर! सांगायचं राहिलं. कुलूप खराब झालं होतं. आणि ही सेवा आता मीच करणार. तुमचं वय झालं, गुडघे दुखतात. आराम करा."

"आतल्या चिठ्ठ्या?" मास्तरांनी विचारलं.

"घेतल्या प्रार्थनेत."

"जाळल्या?"

"हो, हो. जाळल्या ना. बदामाखालीच."

मास्तरांचे खांदे असे खाली आले, की मला दिसलं त्यांनी इतका वेळ श्वास धरला होता. "बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं. मग ठीक." आणि माझ्याकडे पाहून हसले, कशाचं तरी ओझं उतरल्यासारखे.

त्या चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये होत्या. प्लॅस्टिकच्या पाकिटात, टाइप करायला. पर्स माझ्या पायाशी होती. एक शब्द मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नोंद टाइप केली. पाळकसाहेब म्हणाले, "नुसता अंधार नको. लोक खिन्न होतील. शेवट कर तू, तुझी भाषा छान आहे. पाळक त्याच्या घरी जातो, दोघं गुडघे टेकतात, असं काहीतरी."

"तुम्ही गेला होतात मास्तरांकडे?"

"जाणारच आहे. वाढदिवसाची गडबड संपू दे. आज लिही, उद्या होईल. विश्वासाने लिही!"

मग मी लिहिला शेवट. 'आणि मग एका संध्याकाळी पाळक त्या उंबऱ्यावर उभे राहिले.' असं सुरू होतं ते. त्यात दिवेलागण होती, म्हाताऱ्याच्या गालावरचे अश्रू होते, रिकाम्या खुर्चीवर पडलेली उन्हाची तिरीप होती. शेवटी तो म्हणतो, 'आता मला पुन्हा ऐकू येतं.' त्या परिच्छेदाचा मला अभिमान वाटला होता. मी तो आईला वाचून दाखवला. आई डोळे पुसत म्हणाली, "कोण गं हा बिचारा?" मी म्हटलं, "आहे एक."

मथळा पाळकसाहेबांनी दिला, 'एका वाचकाची काळोखी रात्र आणि प्रभूची पहाट'.

"वाचक नको ना साहेब," मी म्हटलं. "आपल्याकडे वाचक एकच आहेत."

"वाचक म्हणजे ब्लॉग वाचणारासुद्धा होतो. कोणाला कळणारे?"

रविवारी चर्च भरून गेलं होतं. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, मागे मंडपात बिर्याणीचा दम उघडायच्या बेतात होता आणि धुपाऐवजी त्याचाच वास सगळीकडे. उपासनेनंतर बिशपसाहेब चादरीपुढे आले. लॅपटॉपला गुलाबी साटीनची फीत बांधली होती, ताटात कात्री. कोणी सुचवलं होतं देव जाणे. त्यांनी फीत कापली, मी दाखवलं तिथे बोट दाबलं, चादरीवर 'दिवठणी' उमटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता पहिली नोंद," पाळकसाहेब माइकवर म्हणाले. "आपल्याच मंडळीतली, खरी साक्ष. आमची संपादिका शोशन्ना वाचेल."

मी पुढे झाले. बिशपसाहेबांनी हात वर केला. भला माणूस, थकलेला, त्याला कशातलंच काही ठाऊक नव्हतं.

"अहो, इथे हनोख मास्तर असताना पोरीने कशाला वाचायचं? बावीस वर्षांपूर्वी मी इथे दीक्षित होऊन आलो तेव्हापासून त्यांचा आवाज ऐकतोय. जो मंडळीचा वाचक त्यानेच वाचावं. या मास्तर."

"साहेब, मास्तरांना स्क्रीनवरचं दिसणार नाही…" पाळकसाहेब पुटपुटले.

"एवढं मोठं अक्षर आहे! मलाही दिसतंय."

मास्तर उठले. त्यांना बोलावलं की ते उठायचे, हे एकतीस वर्षांचं होतं. वाचनपीठापाशी जाऊन त्यांनी चष्मा लावला, चादरीकडे तोंड केलं आणि सवयीने म्हणाले, "ऐका."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

मास्तरांनी मथळा वाचला. पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर थांबले. 'भिंतीशी' म्हणाले आणि थांबले.  मला वाटलं, आता खाली बसतील. पडतील. मला अजून कळत नाही मी लॅपटॉप का बंद केला नाही. हाताच्या अंतरावर होता. झाकण खाली केलं असतं तर संपलं असतं.

त्यांनी पुढे वाचलं. त्याच आवाजात, एकही शब्द न गाळता. 'आवाज नीट लागतो, पण आत काही नाही.' आवाज खरंच नीट लागला होता. 'लोक दारात हात हातात घेतात.' पुढच्या बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. 'मला लाज वाटते.' खजिनदार मकासरे शेजारच्याच्या कानाशी लागले. 'नसलास तर मी हे कोणाला लिहितोय?'

खाली माझा परिच्छेद सुरू होत होता. मास्तरांनी तो मनात वाचला. चष्म्याआडून डोळे डावीकडून उजवीकडे जाताना दिसत होते, ओळीमागून ओळ, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. सगळ्या मंडळीनेही तो चादरीवर वाचला. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"इथे धडा संपला," ते म्हणाले.

आपल्या बाकाकडे गेले नाहीत. मधल्या वाटेने सरळ दाराशी गेले, चपला घातल्या आणि गेले.

 मग पाळकसाहेबांनी माइक पकडला. "मास्तर भावुक झाले आहेत! स्वतःची साक्ष स्वतः द्यायला केवढं धैर्य लागतं! प्रभूची स्तुती असो! जोरात टाळ्या, मास्तरांसाठी!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी "हालेलूया" म्हटलं. हे आठवलं की मला आजही तोंड धुवावंसं वाटतं. आणि त्यात माझेही हात होते. मी खाली पाहिलं तर माझे हात वाजत होते.

मंडपात बिर्याणीच्या पंगतीत एकच विषय. "मास्तरांचा विश्वासच उडाला होता म्हणे." "मग इतके महिने कोणत्या तोंडाने वाचत होते?" "आता आला ना परत, पाळकसाहेब गेले होते ना घरी." "सगुणाबाई गेल्या आणि देवच सोडला, काय हे!" यातल्या निम्म्यांच्या चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये होत्या. बाहीत चिठ्ठ्या घालणाऱ्याची आई सगळ्यांत मोठ्यांदा बोलत होती. पाळकसाहेब वाटी घेऊन माझ्यापाशी आले, ओठांना तूप लागलेलं. "आठ कमेंट आल्यात! एक केनियातून!" मी जेवले. सांगायला लाज वाटते, पण दोन वेळा रस्सा घेतला.

पुढचं थोडक्यात. ब्लॉग महिनाभर चालला, मग पाळकसाहेबांना दुसरं काहीतरी सुचलं. दोन वर्षांनी त्यांची मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चला बदली झाली, आता फोटोत दिसतात, चांगले गुबगुबीत झालेत. बिशपांच्या ऑफिसातली जागा मला मिळाली नाही, आणि मी मागायलाही गेले नाही. मास्तर पुन्हा वाचनपीठावर उभे राहिले नाहीत. रविवारी यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, धडा मकासऱ्यांचा मुलगा वाचायचा, घाईघाईत, गाडी सुटल्यासारखा. पेटी अजून तिपाईवर आहे. त्या रविवारनंतर तिच्यात कोणी काही टाकलं नाही. मी बघत असते.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी संध्याकाळचं. मी मास्तरांकडे गेले. शाळेमागच्या दोन खोल्या. ते स्टोव्हवर चहा ठेवत होते, दुसरी खुर्ची भिंतीशी तशीच होती, सगुणाबाईंची. माझ्या परिच्छेदात तिच्यावर तिरीप पडली होती. प्रत्यक्षात तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल होता.

"ये, शोशी. बस."

मी उभीच राहिले. येताना सगळं घोकून आले होते. मास्तर, माफ करा, मी सांगितलं, मी लिहिलं. पण पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले.

त्यांनीच विचारलं. "माझं अक्षर त्यांना कोणी ओळखून दिलं गं? पाळकसाहेब तर नवे आहेत."

"ठाऊक नाही, मास्तर," मी म्हटलं.

निघालंच तोंडातून. सगळं घोकलेलं गेलं आणि हे निघालं.

त्यांनी स्टोव्ह बारीक केला. चहा गाळला, एक कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "खालचा भाग चांगला उतरलाय. तिरिपेचं आणि खुर्चीचं. तुला चौथीतही शेवट छान जमायचा. निबंध मीच तपासायचो."

 जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं.

"मास्तर…"

"शोशी, या मंडळीत ज्याला-त्याला अक्षर कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग एकतीस वर्षांत त्या पेटीतली एक तरी चिठ्ठी मला बिननावाची असेल का?"

मी एकेक घर आठवू लागले. मकासरे. त्यांची बायको. सुनेला मूल मागणारी ती सासू. सगळ्या मंडळीचं सगळं काही या माणसाला ठाऊक होतं, आणि दर रविवारी दारात तो त्यांचा हात हातात घेऊन "सलाम" म्हणत होता. आणि मग मला आपलं आठवलं. डावा हात, वहीचं पान, तीन शब्द. 'प्रभू, पप्पांना ने.' दोन महिन्यांनी कबरस्तान. डोक्यावरचा हात. यात तुझा काही दोष नाही, पोरी.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "तेव्हापासून."

"डाव्या हाताने लिहिलं तरी वळण जात नाही."

"कोणाला सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे विचारल्याचीच मला जास्त शरम वाटली. "ती त्याच शुक्रवारी जळाली," ते म्हणाले.

मी पर्स उघडली, प्लॅस्टिकचं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. सगळ्या चिठ्ठ्या, सगळ्यांत वर निळ्या-काळ्या शाईची. "मीच सांगितलं, मास्तर. मीच लिहिलं. माझ्यासाठी प्रार्थना करा."

त्यांनी पाकीट उचललं. स्टोव्हच्या ज्योतीवर एकेक चिठ्ठी धरली, न वाचता, राख बशीत झटकत. बिस्किटाचा कागद पेटायला वेळ लागला. स्वतःची त्यांनी सर्वांत शेवटी धरली.

"केली असती," ते म्हणाले. "पण आता ते जमत नाही मला. तू वाचलंयस ना."

मग बशी बाजूला सारून म्हणाले, "चहा घे. निवतोय."